तीस तासिकांत तत्त्वज्ञान: युथिफ्रोपासून द्युशाँपर्यंत

नव्याने रुजू झालेल्या एका प्राध्यापकांचा प्रश्न आहे. दोन श्रेयांकांचा 'तत्त्वज्ञानाची ओळख' हा पेपर त्यांच्याकडे आला आहे. हातात तीस तासिका, वर्गात कला, वाणिज्य आणि विज्ञान तिन्ही शाखांची मिळून साठेक मुलं, बहुतेकांचं शालेय शिक्षण मराठीतून. अभ्यासक्रमात लिहिलंय 'प्राचीन नीतिविचार ते आधुनिक कला'. काय घ्यायचं, काय सोडायचं आणि वर्ग कसा चालवायचा?

आधी सोडायचं काय ते ठरवा. थेलीसपासून सार्त्रपर्यंत एकेका तासाला एकेक तत्त्वज्ञ असा प्रवास करू नका. त्यातून मुलांच्या वहीत 'नाव, काळ, ग्रंथ, दोन मुद्दे' एवढंच उतरतं. ते गाईडमध्ये तयार मिळतंच, त्यासाठी तुमची गरज नाही. देकार्त आणि कांट या पेपरमधून मी सरळ वगळतो. ते थोर आहेत याबद्दल वाद नाही, पण कांटचा सौंदर्यविचार समजायला त्याचा ज्ञानविचार लागतो आणि तो दोन तासांत होत नाही. अर्धवट कांट शिकवला की मुलं 'निर्हेतुक आनंद' हे दोन शब्द पाठ करतात आणि तत्त्वज्ञान म्हणजे अवघड शब्द, अशी समजूत करून घेतात. ती समजूत पुढे तीन वर्षं जात नाही.

त्याऐवजी एकच प्रश्न धरा: 'अमुक म्हणजे काय?' इ. स. पूर्व ३९९ मध्ये, स्वतःवर खटला भरलेला असताना, सॉक्रेटिस तो पावित्र्याबद्दल विचारताना दिसतो. १९१७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका प्रदर्शनाच्या संचालकांसमोर तोच प्रश्न कलेबद्दल उभा राहिला. मधल्या सव्वातेवीसशे वर्षांत विषय बदलले, तरी व्याख्या कशी फसते याचे प्रकार तेच राहिले. नीती आणि कला हे अभ्यासक्रमाचे दोन तुकडे जोडणारा धागा हाच आहे. तो पहिल्या दिवशी मुलांना सांगून टाका, गुपित ठेवू नका.

तासांची वाटणी अशी करता येईल. व्याख्या आणि युक्तिवाद तपासायची हत्यारं २, युथिफ्रो ४, सुखाचा प्रश्न (कठोपनिषद, चार्वाक, एपिक्युरस) ४, ॲरिस्टॉटलची नीती ५, एपिक्टेटस १, अनुकरण (प्लेटो, ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, शंकुक) ४, ह्यूम २, टॉलस्टॉय, क्लाइव्ह बेल आणि मर्ढेकर ३, विट्गेन्श्टाइन आणि वाइट्झ १, द्युशाँ, डँटो आणि डिकी ३, शेवटचा १ वर्गातल्या लेखनाला. बेरीज तीस. एखादी तासिका सुट्टीत गेली तर एपिक्टेटस सोडा, युथिफ्रोमधला तास कापू नका.

पहिल्या दोन तासांत ग्रीकांकडे जायची गरज नाही. लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष न्यायदर्शनाच्या परंपरेने नेमके सांगितले आहेत आणि त्यांची नावं मराठी मुलांच्या कानाला परकी नाहीत. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावरच्या दीपिका या टीकेतलं गायीचं उदाहरण फळ्यावर लिहा. 'गाय म्हणजे कपिल रंगाचं जनावर' म्हटलं तर पांढऱ्या गायी सुटल्या: अव्याप्ती. 'गाय म्हणजे शिंगं असलेलं जनावर' म्हटलं तर म्हैस आणि बकरी आत आल्या: अतिव्याप्ती. 'गाय म्हणजे एकसंध खुराचं जनावर' म्हटलं तर एकही गाय उरत नाही, कारण गायीचा खूर दुभंगलेला असतो: असंभव. टिकतं ते गळ्याखालच्या पोळीचं लक्षण. मग चौथा दोष तुम्ही जोडा, अन्योन्याश्रय: 'अ' कळायला 'ब' लागतो आणि 'ब' कळायला 'अ'. हे चार शब्द सेमिस्टरभर फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या. प्रत्येक व्याख्येपुढे मुलांनी यातला एक शब्द लावून दाखवायचा, हा वर्गाचा नियम.

दुसऱ्या तासाला युक्तिवाद क्रमांक घालून मांडायला शिकवा: आधारविधानं वर, निष्कर्ष खाली, मध्ये रेघ. सरावासाठी वर्तमानपत्रातलं अग्रलेखाचं एक कात्रण पुरतं. दोन गोष्टी हमखास चुकतात. मुलं निष्कर्षालाच पहिलं विधान करतात, कारण लेखात तो आधी आलेला असतो. आणि लेखकाने न बोलता गृहीत धरलेलं विधान लिहायला विसरतात. तेच शोधायला लावा, तत्त्वज्ञानाचं निम्मं काम तिथे आहे.

आता युथिफ्रो. हा प्लेटोचा संवाद छोटा आहे आणि नवख्या वर्गासाठी याहून चांगला मजकूर मला माहीत नाही. प्रसंग असा: सॉक्रेटिस आपल्यावरच्या आरोपासाठी न्यायाधिकाऱ्याच्या कचेरीत आलाय. तिथे युथिफ्रो भेटतो, तो स्वतःच्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला आलाय. त्यांच्या शेतावरच्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं. वडिलांनी मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि काय करावं हे विचारायला अथेन्सला माणूस पाठवला. तो परत येईपर्यंत मजूर भुकेने आणि थंडीने मेला. मुलगा म्हणतो, खटला भरणं हेच पवित्र कर्तव्य. घरचे म्हणतात, बापावर खटला हेच पाप.

मजकूर वाटण्याआधी एवढा प्रसंग सांगा आणि हात वर करायला सांगा: खटला भरावा की नाही? वर्ग दुभंगतो. दोन्ही बाजूंची दोन-दोन कारणं फळ्यावर लिहा आणि थांबा. निवाडा करू नका. मग मजकूर वाटा आणि युथिफ्रोच्या व्याख्या एकेक करून मुलांनीच शोधायच्या. पहिली (५ड, हा प्लेटोच्या आवृत्त्यांत समासात छापलेला क्रमांक): 'मी आत्ता करतोय ते पवित्र'. ही व्याख्याच नव्हे, उदाहरण आहे. परीक्षेतही मुलं नेमकं हेच करतात, 'न्याय म्हणजे काय' विचारलं की न्यायाचं उदाहरण लिहितात, म्हणून इथे वेळ घ्या. दुसरी (६इ-७अ): देवांना प्रिय ते पवित्र. पण युथिफ्रोच्या श्रद्धेप्रमाणे देवांची आपसांत भांडणं आहेत, मग एकच कृत्य एकाला प्रिय आणि दुसऱ्याला अप्रिय, म्हणजे पवित्र आणि अपवित्र दोन्ही. तिसरी (९इ) त्यावरची दुरुस्ती: सगळ्या देवांना प्रिय ते पवित्र.

आणि मग १०अ. पवित्र गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र ठरते?

प्रश्न मुलांना लगेच कळतो. पुढचं पान कळत नाही, तिथे (ओझं) 'वाहिलं जाणारं' आणि 'वाहणं' यांचा गुंता आहे आणि नव्या शिक्षकाचा तास बहुधा इथेच बुडतो. सॉक्रेटिसच्या तीन उदाहरणांपैकी पाहण्याचं तेवढं घ्या. एखादी वस्तू 'पाहिलेली' का? कोणीतरी ती पाहिली म्हणून. ती आधीच 'पाहिलेली' होती म्हणून कोणी पाहिली, असं होत नाही. एवढं पटलं की फळ्यावर मांडा:

१. पवित्र गोष्ट देवांना आवडते, कारण ती पवित्र आहे. (युथिफ्रोने हे मान्य केलंय.)
२. देवप्रिय गोष्ट देवप्रिय असते, कारण ती देवांना आवडते. ('पाहिलेली'सारखंच.)
३. 'पवित्र' आणि 'देवप्रिय' एकच असतील, तर वरच्या वाक्यांत एकाच्या जागी दुसरा शब्द घालता आला पाहिजे.
४. पहिल्यात घालून पाहा: देवप्रिय गोष्ट देवांना आवडते, कारण ती देवप्रिय आहे. हे दुसऱ्याच्या उलटं झालं, कारण आणि कार्य एकमेकांवर टेकले.
५. म्हणून दोन्ही एकच नव्हेत.

चौथ्या पायरीला फळ्यावर शब्द खरोखर पुसून दुसरा लिहा. बोलून हे कळत नाही, पुसलेलं डोळ्यांनी दिसलं की कळतं. घरी करायचं काम म्हणून 'देव'च्या जागी 'समाज' किंवा 'बहुमत' घालून हाच युक्तिवाद लिहायला सांगा. ही वही जपून ठेवायला सांगा, शेवटच्या आठवड्यात लागणार आहे.

श्रद्धेचा प्रश्न इथे येतोच. एखादी मुलगी दुखावते, एखाद्या मुलाला वाटतं सर देव नाही म्हणतायत. स्पष्ट सांगा की हा युक्तिवाद देव आहे की नाही याबद्दल नाही. देव आहे असं पूर्ण मानूनही प्रश्न उरतो. देव मानणाऱ्या धर्मचिंतकांनी दोन्ही पर्यायांची बाजू शतकानुशतकं गंभीरपणे लढवली आहे, हेही सांगा.

सुखाच्या चार तासांत कठोपनिषदातला श्रेय आणि प्रेय यांचा भाग (१.२.१-२) आधी घ्या. यम नचिकेताला सांगतो की दोन्ही माणसापुढे येतात आणि शहाणा पारख करून श्रेय निवडतो. मुलांना हे ऐकून माहीत असतं आणि ते माना डोलावतात. तेवढ्यात चार्वाक समोर ठेवा. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात त्याचा युक्तिवाद येतो: काटे आहेत म्हणून कोणी मासे सोडत नाही, तूस आहे म्हणून भात टाकत नाही, हरणं खातील म्हणून पेरणी थांबवत नाही. मग दुःख मिसळलंय म्हणून सुख का टाकायचं? कोकणातल्या वर्गात माशाच्या उदाहरणावर बोलायला कोणाला आमंत्रण लागत नाही. इथे एक शिस्त शिकवता येते. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ उरलेले नाहीत, त्यांचं म्हणणं बहुतांशी विरोधकांनी नोंदवलंय. तेव्हा मुलांना विचारा: या युक्तिवादात विरोधकाने कमकुवत करून सांगितलेलं काय असेल? तुम्ही त्याचे वकील असाल तर कसा मांडाल? पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, ताकदीने मांडल्याशिवाय सिद्धान्ताला किंमत नसते, ही आपल्याकडची जुनी शिकवण इथे प्रत्यक्ष करून घ्या.

एपिक्युरसचं मेनेसियसला लिहिलेलं पत्र त्यानंतर येतं. तोही सुखवादी, पण तो म्हणतो, प्रत्येक सुख घेण्याजोगं नसतं, भाकरी आणि पाणीही भुकेल्याला परम सुख देतात. दोन सुखवादी शेजारी ठेवले की 'सुखवादी म्हणजे चैनी' हे समीकरण आपोआप मोडतं.

ॲरिस्टॉटलला पाच तास जास्त वाटतील, पण नीतीच्या भागाचा कणा तोच आहे. निकोमाखसच्या नीतिशास्त्राची दहा पुस्तकं आहेत. पहिल्यातलं सातवं प्रकरण आणि दुसऱ्यातली पहिली सहा प्रकरणं बास. सातव्या प्रकरणातला युक्तिवाद असा: बासरीवाल्याचं, शिल्पकाराचं जसं काही काम असतं आणि ते चांगलं करण्यात त्याचं चांगलेपण असतं, तसं माणूस म्हणून माणसाचं काही काम आहे का? असेल तर ते बुद्धीला धरून जगणं आणि ते उत्तम करणं. हा क्रमांक घालून मांडायला द्या. 'माणसाला असं नेमून दिलेलं काम असतं कशावरून?' हा आक्षेप वर्गातून स्वतःहून येतो. आला नाही तर वाट पाहा, तुम्ही सांगू नका.

खरी घसरण होते ती मध्यमत्वाच्या कल्पनेवर. मराठी मुलांना 'अति तेथे माती' येतं, म्हणून त्यांना वाटतं ॲरिस्टॉटल तेच सांगतोय: सगळं थोडं थोडं करा. तसं नाही, आणि तो स्वतः ते आकड्यांनी दाखवतो. दहा मिना (वजनाचं जुनं ग्रीक माप) अन्न जास्त आणि दोन मिना कमी म्हणून शिक्षकाने प्रत्येक खेळाडूला सहा मिना द्यायचे का? मिलो पहिलवानाला ते कमी पडतील, आखाड्यात नवीन आलेल्याला जास्त होतील. दहा आणि दोनचा मध्य सहा हे गणित झालं. सद्गुणाचा मध्य माणूस आणि प्रसंग पाहून ठरतो. रागाचं उदाहरण घ्या: 'थोडंसं रागावणं' हा मध्य नव्हे. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी, योग्य तितकं रागावणं हा मध्य, आणि प्रसंग तसा असेल तर तो राग पुष्कळ मोठाही असेल. शिवाय खून, चोरी, व्यभिचार यांना मध्यच नसतो, असं तो त्याच प्रकरणात म्हणतो. ही दोन वाक्यं उत्तरपत्रिकेत आली तर मुलाला ॲरिस्टॉटल कळला समजा.

दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणासाठी एक व्यायाम चांगला चालतो. दुकानदाराने चुकून शंभर रुपये जास्त परत दिले. चार गिऱ्हाइकं. एकाने न मोजताच उसने पैसे म्हणून ते शंभर त्याच दुकानदाराला देऊन टाकले. दुसऱ्याने कॅमेरा दिसला म्हणून परत केले. तिसऱ्याने मनाशी झगडून परत केले. चौथीने सहज, बोलता बोलता परत केले. चौघांचं कृत्य वरून सारखंच. ॲरिस्टॉटलच्या तीन अटी लावा: जाणून करणं, ते तसं आहे म्हणून निवडून करणं, स्थिर स्वभावातून करणं. पहिला पहिल्या अटीला अडतो, दुसरा दुसरीला. तिसऱ्यावर वर्ग भांडतो, कारण आपल्याकडे मोह जिंकणाऱ्याचं कौतुक जास्त. ॲरिस्टॉटल चौथीला वर ठेवतो. का, यावर अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसला एक तास: आपल्या हाती काय आणि काय नाही, एवढा हस्तपुस्तिकेचा पहिला परिच्छेद. इथे 'म्हणजे स्थितप्रज्ञच' असं कोणीतरी म्हणेल. साम्य मान्य करा आणि लगेच फरक शोधायला लावा, नाहीतर तुलना हा विचार टाळायचा सोपा रस्ता होतो.

आता कलेकडे वळताना मधे दार उघडायला एक खटला घ्या. शिल्पकार ब्रांकुशीचं 'अवकाशातला पक्षी' हे ब्राँझचं उंच, चकचकीत, पंख-चोच काही नसलेलं शिल्प १९२६ मध्ये न्यूयॉर्क बंदरात आलं. कलाकृतींवर जकात नव्हती. पण जकात अधिकाऱ्यांनी ते धातूची वस्तू ठरवून ४० टक्के जकात लावली. आधीच्या एका निकालाप्रमाणे शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची, मुख्यतः मानवी देहाची, प्रतिकृती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. 'कला म्हणजे अनुकरण' ही प्लेटोपासूनची व्याख्या विसाव्या शतकात जकातीचा नियम म्हणून जिवंत होती आणि तिच्या अव्याप्तीचा खर्च एका माणसाच्या खिशातून निघत होता. मुलांना व्याख्येचं महत्त्व पटवायला हे पुरतं. निकाल शेवटी सांगा, आधी अर्ध्या वर्गाला जकात खातं आणि अर्ध्याला शिल्पकार करा.

मग मागे जाऊन प्लेटोच्या रिपब्लिकचं दहावं पुस्तक: पलंगाचं मूळ रूप, सुताराचा पलंग, चित्रकाराचा पलंग, म्हणजे चित्र सत्यापासून तिसऱ्या पायरीवर. ॲरिस्टॉटलचं उत्तर काव्यशास्त्रात आहे, आणि विंदा करंदीकरांनी ते १९५७ मध्ये मराठीत आणलंय, त्यामुळे इथे मुलांना चांगल्या मराठीतून वाचायला देता येतं. तिसरी बाजू भारतीय नाट्यविचारातल्या श्रीशंकुकाची. तो म्हणतो, रंगमंचावरचा नट पाहताना होणारं ज्ञान खरं नव्हे, खोटं नव्हे, संशय नव्हे आणि सारखेपणाचंही नव्हे. चित्रातल्या घोड्याला आपण 'घोडा' म्हणतो तसं ते वेगळंच आहे. प्लेटोचं गृहीत असं की प्रतिमा पाहणारा फसतो. शंकुक नेमका त्यावरच बोट ठेवतो: प्रेक्षक फसलेलाच नसतो. या दोघांना समोरासमोर बसवल्यावर वर्गाला जी जाग येते ती नुसत्या प्लेटोने येत नाही. शंकुकाचा ग्रंथही उरलेला नाही, अभिनवगुप्ताने खोडून काढण्यासाठी सांगितला म्हणून आपल्याला माहीत आहे. चार्वाकाच्या तासाची इथे आठवण करून द्या.

ह्यूमचा १७५७ चा अभिरुचीच्या निकषावरचा निबंध 'आवड ज्याची त्याची' या वाक्यावर औषध आहे. हे वाक्य वर्गात येणारच. त्याला दटावून गप्प करू नका, 'डॉन किहोते'मधल्या सँकोच्या नातेवाइकांची, ह्यूमने दिलेली गोष्ट सांगा. दोघांनी पिंपातली वाइन चाखली. एक म्हणाला चामड्याची किंचित चव येते, दुसरा म्हणाला लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामं केल्यावर तळाशी चामड्याची वादी लावलेली किल्ली निघाली. मग प्रश्न: कवितेत किल्ली कुठे असते? ह्यूमकडे याचं पुरतं उत्तर नाही, तो चांगल्या रसिकाची पाच लक्षणं देतो: समज, संवेदनेची सूक्ष्मता, सराव, तुलना, पूर्वग्रहापासून मोकळीक. इथे एखादा शास्त्रीय संगीत ऐकणारा विद्यार्थी असेल तर त्याला बोलू द्या. सरावाने कान बदलतो हे तो अनुभवाने सांगेल.

टॉलस्टॉय (कला म्हणजे भावनेचं संक्रमण) आणि बेल (१९१४, अर्थपूर्ण आकार) झपाट्याने घ्या. प्रत्येकी एक परिच्छेद, आणि चार दोषांची चाळणी लावायचं काम गटांना. बेलच्या व्याख्येत अन्योन्याश्रय आहे हे चांगला गट दहा मिनिटांत पकडतो: अर्थपूर्ण आकार तो, जो सौंदर्यभावना जागवतो, आणि सौंदर्यभावना ती, जी अर्थपूर्ण आकाराने जागते. बेलच्या जोडीला मर्ढेकर आणायलाच हवेत. संवाद, विरोध, समतोल हे त्यांचे लयीचे तीन नियम बेलच्या मोघम आकाराला जास्त काटेकोर करायचा प्रयत्न आहेत, आणि कवी म्हणून शाळेत भेटलेले मर्ढेकर तत्त्वचिंतक म्हणून भेटल्यावर मुलं चकित होतात. गायतोंड्यांचं एखादं चित्र पडद्यावर दाखवून त्यात हे तीन नियम सापडतात का पाहा. मात्र चित्राची लांबी-रुंदी आधी सांगा आणि तेवढी जागा भिंतीवर खडूने आखून घ्या. मोबाइलच्या पडद्यावरचं चार इंची चित्र पाहून आकारवादावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

तत्त्वज्ञ वाइट्झचं म्हणणं (१९५६) एका तासात: विट्गेन्श्टाइनने 'खेळ' या शब्दाबद्दल दाखवलं की सगळ्या खेळांत समान असं एक काही नाही, एकमेकांत गुंतलेली साम्यं आहेत. कलेचंही तसंच, म्हणून तिची बंद व्याख्या शोधू नये. मुलांना सुटका वाटते. ती फार टिकू देऊ नका, पुढच्या तासाला द्युशाँ आहे.

१९१७, न्यूयॉर्क. स्वतंत्र कलावंतांच्या संस्थेचा नियम होता: परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत, सहा डॉलर भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडली जाईल. संस्थेच्या संचालकांपैकी एक असलेल्या फ्रेंच कलावंत द्युशाँने 'आर. मट' या खोट्या नावाने सही केलेली, दुकानातून आणलेली चिनी मातीची मुतारी आडवी करून 'कारंजं' नावाने पाठवली. संचालकांनी ती मांडली नाही, द्युशाँने राजीनामा दिला. मूळ वस्तू हरवली. स्टिगलिट्झने काढलेला फोटो आहे आणि आज संग्रहालयांत दिसतात त्या बहुतेक १९६४ च्या प्रतिकृती. हा शेवटचा तपशील गाळू नका. मूळच नसताना संग्रहालयात काय ठेवलंय, हा प्रश्न तिथूनच येतो.

मुलं हसतील. हसू ओसरू द्या आणि विचारा: संचालकांनी आपलाच नियम मोडला का? 'हो' म्हणणाऱ्याला सांगा, म्हणजे पैसे भरले की कला झाली? 'नाही' म्हणणाऱ्याला विचारा, नियमात कुठे होतं की वस्तू कलावंताने हाताने घडवलेली हवी? प्लेटो, टॉलस्टॉय, बेल एकेकाची व्याख्या लावून पाहा. बेलची गंमत म्हणजे चकचकीत पांढरा आकार तिच्यात खरोखर बसू शकतो, पण मग शेजारच्या दुकानातल्या बाकीच्या मुताऱ्याही बसतात.

दुसऱ्या तासाला चित्रकार वॉरहॉलचे ब्रिलो बॉक्स, न्यूयॉर्कमधलं १९६४ चं प्रदर्शन. प्लायवुडचे खोके, वर साबणाच्या खोक्यासारखी छपाई. दुकानातला पुठ्ठ्याचा खोका दिसायला तसाच, आणि त्याचं डिझाइन करणारा जेम्स हार्वे स्वतः चित्रकार. त्याच वर्षी तत्त्वज्ञ डँटोने लिहिलं की डोळ्यांना न दिसणारं काहीतरी या दोहोंत फरक करतं: कलेच्या इतिहासाचं आणि सिद्धान्ताचं वातावरण. डिकीने १९७४ मध्ये पुढे व्याख्याच केली: कलाविश्वाच्या (कलावंत, समीक्षक, संग्रहालयं यांच्या) वतीने आस्वादासाठी उमेदवार म्हणून दर्जा दिलेली मानवनिर्मित वस्तू.

आता जपून ठेवलेली वही उघडायला सांगा. कलाविश्वाने मान्यता दिली म्हणून ती कला, की ती कला आहे म्हणून कलाविश्वाने मान्यता दिली? तत्त्वज्ञ वॉलहाइमने डिकीवर घेतलेला आक्षेप याच घडणीचा आहे. मान्यता देणाऱ्यांकडे काही कारणं आहेत का? असतील तर ती कारणं हीच कलेची व्याख्या, मान्यतेचं काय काम? नसतील तर त्यांच्या मान्यतेला आपण महत्त्व का द्यायचं? फळ्यावर युथिफ्रोच्या पाच पायऱ्या पुन्हा लिहा, 'देव' पुसा, 'कलाविश्व' लिहा. मग तपासायला लावा: पहिलं विधान इथे चालतं का? डिकी ते मान्य करणार नाही, युथिफ्रोने केलं होतं. म्हणजे डिकी त्याच सापळ्यात सापडत नाही, त्याला दुसरी किंमत मोजावी लागते. हा फरक जो विद्यार्थी सांगेल त्याला पूर्ण गुण द्या.

तिसऱ्या तासासाठी वारली चौक. लग्नघरी सुवासिनींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला, पालघट देवीचा. तिथे ना प्रदर्शन, ना समीक्षक. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रभाषा कागदावर आणली आणि ती दालनांत गेली. डिकीच्या व्याख्येने भिंतीवरचा चौक कला नव्हता आणि कागदावर आल्यावर झाला का? ही अव्याप्ती आहे, की चौकाला 'कला' म्हणणंच त्याच्या विधीवर अन्याय करणारं आहे? दोन्ही बाजू वजनदार आहेत. पालघर-डहाणूकडची मुलं वर्गात असतील तर त्यांना नमुना म्हणून उभं करू नका, इतरांसारखंच मत विचारा.

वर्ग चालवण्यातल्या दोन-तीन गोष्टी. प्रश्न विचारल्यावर निदान दहा सेकंद थांबा. शिक्षक बहुधा तिसऱ्याच सेकंदाला स्वतः उत्तर देतो आणि मुलं शिकतात की गप्प बसलं की काम भागतं. साठांच्या वर्गात थेट चर्चा चार जणांत अडकते, म्हणून आधी दोन मिनिटं वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गात. आणि 'मला असं वाटतं' यापुढे 'कारण' आल्याशिवाय वाक्य संपलं असं मानू नका.

मजकूर एका वेळी दोन पानांपेक्षा जास्त देऊ नका, आणि वर्गात मोठ्याने वाचा. यांत्रिक भाषांतर जसंच्या तसं वाटणं टाळा. युक्तिवादातले 'म्हणून', 'कारण', 'तरच' हे दुवे त्यात हमखास निसटतात आणि आपल्याला नेमके तेच शिकवायचे असतात. पूर्वतयारीला मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञानाच्या नोंदी घ्या, त्यातल्या मे. पुं. रेगे यांच्या नोंदी तर वाक्यरचनेसाठीही वाचाव्यात. संज्ञांसाठी दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोश हाताशी ठेवा. सौंदर्यविचाराच्या तासांसाठी तुम्ही स्वतः रा. भा. पाटणकरांची सौंदर्यमीमांसा वाचलेली असावी, मुलांना ती या टप्प्यावर जड जाते.

मूल्यमापनात 'टीप लिहा' टाळा. अंतर्गत वीस गुण असतील तर पाच-पाच गुणांची चार छोटी कामं द्या, प्रत्येक दीडशे शब्दांचं: एक व्याख्या घेऊन तिचा दोष दाखवा, एक युक्तिवाद क्रमांकाने मांडा, स्वतःला न पटणाऱ्या मताचा पूर्वपक्ष लिहा, आणि शेवटच्या तासाला वर्गात बसून न पाहिलेल्या उदाहरणावर लेखन. उदाहरण तेव्हाच फळ्यावर लिहा, म्हणजे गाईडचा उपयोग होत नाही. तपासताना दोन गुण लेखकाचं म्हणणं बरोबर मांडण्याला, दोन आक्षेप नेमक्या कोणत्या विधानावर आहे हे सांगण्याला, एक त्या आक्षेपावर लेखक काय म्हणेल याला. भाषेच्या शुद्धतेसाठी गुण कापू नका, पण 'कारण' कुठे आहे ते शोधावं लागलं तर कापा. साठ वह्या गुणिले चार म्हणजे दोनशे चाळीस छोटे निबंध होतात, म्हणून पहिलं काम तिसऱ्या आठवड्यातच घ्या आणि आठ दिवसांत परत द्या. सेमिस्टरच्या शेवटी गठ्ठ्याने परत दिलेल्या शेऱ्यांचा मुलांना काही उपयोग होत नाही.